मागे पायरी

“तुमची पार्श्वभूमी काय?” असं प्राचार्यांनी विचारलं, तेव्हा तिने पटकन “सामान हलवणं” असं सांगून टाकलं, आणि बास्केटबॉल प्रशिक्षकाच्या मुलाखतीच्या खोलीतल्या पंख्यालासुद्धा पुढे फिरावं की थांबावं असा प्रश्न पडला.

“मी खेळातली पार्श्वभूमी विचारतोय,” प्राचार्य म्हणाले. भला माणूस. मुलाखतीला आलेल्याला आधी पाणी विचारणारा.

“तीच सांगतेय, सर.”

प्राचार्यांच्या शेजारी क्रीडा समितीचे दुसरे सदस्य बसले होते, रसायनशास्त्राचे प्राध्यापक. बास्केटबॉलशी त्यांचा संबंध एवढाच, की त्यांच्या प्रयोगशाळेच्या भिंतीपलीकडे कोर्ट होतं आणि तिकडे चेंडू आपटला की इकडे परीक्षानळ्या किणकिणायच्या. त्यांनी चुकून ॲसिड चाखल्यासारखं तोंड केलं.

तसं तिच्याकडे सांगण्यासारखं पुष्कळ होतं. ती विद्यापीठाच्या संघातून खेळली होती, पुढे एका क्लबकडूनही. पण आपल्याला खेळता कशामुळे येतं असं कुणी विचारलं, की तिच्या डोळ्यांसमोर कोर्ट यायचंच नाही. जिना यायचा.

तिच्या घरचा धंदा लोकांची बिऱ्हाडं हलवण्याचा. एक टेम्पो, चार दोरखंड, जुन्या गोधड्यांचा ढीग आणि अख्खं कुटुंब. आई काचसामान बांधायची. दादा टेम्पो चालवायचा आणि गाडी कुठे लावायची यावरून प्रत्येक इमारतीच्या पहारेकऱ्याशी भांडायचा. आणि बाबा जड टोक धरायचे.

हे जड टोक म्हणजे काय ते सांगायला हवं. कपाट किंवा फ्रिज जिन्यावरून उतरवताना सगळा भार खालच्या माणसावर येतो, आणि खालचा माणूस उलटा चालतो. छातीवर फ्रिज, समोर फ्रिज, दिसतोय तोही फ्रिज. पाय कुठे पडणार ते देव जाणे. म्हणून त्याच्या पाठीमागे डोळे लागतात. ती लहान होती, उचलायला उपयोगाची नव्हती, पण घसा होता. बाबांच्या पाठीमागे उभी राहून ती ओरडायची, “मागे पायरी! अजून एक! आता वळण, डाव्या हाताला कठडा! सपाट!” अख्ख्या इमारतीला कळायचं की कुणीतरी घर सोडून चाललंय. घरच्यांनी तिचं नाव भोंगा ठेवलं ते तेव्हापासून.

बाबांनी मान वळवून कधी बघितलं नाही. एकदाही नाही. ती म्हणाली पायरी, की पाय मागे जायचा. थोडी मोठी झाल्यावर एके दिवशी अचानक तिच्या डोक्यात प्रकाश पडला, की एवढा मोठा माणूस आपल्या एका शब्दावर हवेत पाय टाकतो. तिला भीती वाटली आणि अभिमानही वाटला, आणि दोन्ही तशीच राहिली.

धंद्याचे दोन नियम होते. पहिला, “सांभाळून” म्हणायचं नाही. “सांभाळून म्हणजे काय?” बाबा विचारायचे. “भिंत आहे, खड्डा आहे की मांजर आडवं गेलंय? जे आहे ते सांगा.” दुसरा नियम त्याहून कडक. “टेकव” असं कुणीही म्हटलं, अगदी शेंबड्या पोराने म्हटलं, तरी सगळ्यांनी एकदम खाली ठेवायचं. कारण नंतर विचारायचं.

बास्केटबॉलही जिन्यावरच सापडला. शाळेतले खेळाचे सर घर बदलत होते. त्यांनी आपल्या सोफ्याबरोबर हा भोंगा तीन मजले उतरताना ऐकला आणि दुसऱ्या दिवशी तिला संघात घेतलं. “उंची नाही,” ते म्हणाले, “पण निदान ऐकू तर येईल.”

बाबांनी तिचा सामना मात्र कधी पाहिला नाही. सामने सुट्टीच्या दिवशी, आणि लोक घरं बदलतात तीही सुट्टीच्याच दिवशी. टेम्पो तिला मैदानावर सोडायचा आणि संपल्यावर घ्यायला यायचा. “काय झालं?” “जिंकलो.” “छान. चल, बस मागे. वॉशिंग मशीन उतरवायचंय.” झाला सत्कार.

पुढे बाबांची कंबर गेली, ती क्लब सोडून घरी आली आणि काही वर्षं तिनेच जड टोक धरलं. पाठीमागे डोळे म्हणून दादा. दादा स्वभावाने सोन्यासारखा, पण त्याचं लक्ष खाली टेम्पोपाशी, आणि तोंडात एकच शब्द, सांभाळून. दादावर तिचा विश्वास नव्हता असं नाही. पण प्रत्येक पायरीला तिची मान आपोआप वळायची. घर रिकामं झालं, की ती टेम्पोतून आपला चेंडू काढायची आणि त्या मोकळ्या खोलीत दोन-चारदा आपटायची. रिकाम्या खोलीत चेंडूचा आवाज थेट कोर्टासारखा येतो. तेवढ्यासाठी ती शेवटची खोली सावकाश झाडायची.

म्हणून ही नोकरी तिला हवी होती. नुसती हवी नव्हती, जिवाच्या आकांताने हवी होती. आणि दादाने टेम्पोतली तिची जागा आपल्या मेव्हण्याला देऊनही टाकली होती, त्यामुळे परतीची वाटही मेव्हण्याने अडवलेली.

“ठीक आहे,” प्राचार्य शेवटी म्हणाले, “पहिल्या सामन्यापर्यंत काम बघा. त्यानंतर समिती बसेल.”

“जिंकून दाखवा म्हणजे बसावं लागणार नाही,” रसायनवाले म्हणाले.

हे सांगायला त्यांचं काय जात होतं! मुलींचा हा संघ गेल्या वर्षी असा हरला होता की गुणफलकावर बसणाऱ्या माणसालाच संकोच वाटायचा. मुली वाईट नव्हत्या. धावायच्या, उड्या मारायच्या, पण सगळं मुकाट्याने. आधीच्या प्रशिक्षकांचा दंडक होता, कोर्टावर आवाज फक्त माझा. ते निवृत्त झाले आणि आवाजही सोबत घेऊन गेले. कर्णधार मुलगी उंच आणि काटकुळी, सगळ्या तिला शिडी म्हणायच्या. ती घरून मोजके शब्द आणायची आणि त्यातलेही निम्मे परत न्यायची.

आता बास्केटबॉलमध्ये बचाव करणारी खेळाडू बराच वेळ उलटी चालते. समोरचीवर नजर ठेवून मागे सरकायचं, आणि तेवढ्यात समोरच्या संघातली दुसरी कुणी गुपचूप येऊन पाठीशी खांबासारखी उभी राहते. तिच्यावर आदळलात की संपलं. ती मागे उभी आहे हे फक्त तुमची मैत्रीण सांगू शकते, आणि इथे मैत्रीण तोंडात गुळणी धरून! शिडी पहिल्याच सरावात अशी चार वेळा आदळली. चारही वेळा बाकीच्या मुली नुसत्या बघत होत्या, आणि त्यांना वाईटही वाटत होतं.

नव्या कोचने चेंडू पिशवीत भरले आणि भिंतीलगतचा लांबलचक लाकडी बाक दाखवला. “हा उचला. प्रेक्षकांच्या पायऱ्यांवर न्या आणि परत खाली आणा.”

“मॅडम, बास्केटबॉल?” एकीने विचारलं.

“हाच.”

पहिल्यांदा उतरताना शिडी उलटी होती. तिची पायरी चुकली आणि ती धप्पकन बसली, बाक तिच्या मांडीवर.

“कुणी का नाही बोललं?”

“मी मनात म्हटलं, सांभाळून,” गोबऱ्या गालांची एक मुलगी म्हणाली.

मग त्या मुलींना दोन्ही नियम कळले. आठवडाभर बाक वर गेला आणि खाली आला. आधी कुजबुज, मग बोलणं, मग आरडाओरडा. “मागे पायरी!” “वळण!” “सपाट!” कोचने हळूच बाक काढून घेतला आणि चेंडू परत दिला, पण शब्द तेच राहिले. पाठीशी कुणी येऊन उभी राहिली की “मागे पायरी!” आणि “टेकव” म्हटलं की जिथे असाल तिथे थांबा, मग ते कुणीही म्हणो. गोबऱ्या मुलीने एकदा शिंक येतेय म्हणून “टेकव” म्हटलं, तरी सगळ्या थांबल्या. पलीकडे परीक्षानळ्या किणकिणत होत्या. रसायनवाले दोनदा दारात येऊन, डोकं धरून परत गेले. फक्त शिडी अजून बोलत नव्हती. ऐकायची सगळं, पण बोलायची नाही.

पहिला सामना सुट्टीच्या दिवशी होता. बाबा आले. आता त्यांना काम नव्हतं. कंबरेला पट्टा, अंगात इस्त्रीचा शर्ट. ते मधल्या रांगेत बसले, हात मांडीवर ठेवून, अगदी दवाखान्यात बसल्यासारखे.

“कळेल का मला?” त्यांनी विचारलं होतं.

“बाबा, ऐका नुसतं. सगळं ऐकू येईल.”

आणि आलं. मुली अशा ओरडत होत्या की पंचाला शिट्टी दोनदा वाजवावी लागत होती. समोरच्या संघाला काही केल्या उमगेना की या सपाट जमिनीवर या पोरींना पायऱ्या कुठे दिसताहेत. सामना रंगला. शेवटी शेवटी तर आपल्या मुली एका गुणाने पुढे होत्या, आणि प्राचार्य खुर्चीच्या अगदी कडेवर आले होते.

चेंडू गोबऱ्या मुलीकडे होता. ती मान मागे वळवून आपल्या मागच्या खेळाडूला चुकवत धावत होती, आणि तिच्याच वाटेत शिडी उलट्या पावलांनी येत होती. टक्कर होणार नव्हती. एकीने हाक दिली होती, शिडीचा खांदा वळलाही होता. पण बाबांना ते कुठलं माहीत? त्यांना दिसलं एवढंच, की एक माणूस उलटा चाललाय आणि मागून काहीतरी जोरात येतंय. ते उठून उभे राहिले आणि तिसऱ्या मजल्यावरून तळमजल्याला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले,

“टेकव!”

पाचही मुली जागच्या जागी थांबल्या. गोबऱ्या मुलीने तर चेंडू दोन्ही हातांनी, अलगद, कुठे ओरखडा उठू नये इतक्या मायेने जमिनीवर ठेवला. समोरच्या संघातल्या एकीने क्षणभर चेंडूकडे पाहिलं, मग पंचाकडे पाहिलं. पंचाने शिट्टी वाजवली नव्हती, कशाला वाजवेल? तिने चेंडू उचलला, रमतगमत जाऊन बास्केट केली आणि जाताना “थँक यू” म्हणाली.

कोचने टाइमआउट घेतला. सगळा हॉल मधल्या रांगेकडे बघत होता. बाबांचा चेहरा पांढराफटक पडला होता. ते वाट काढत दाराकडे निघाले होते.

“कोण आहे तो माणूस? बाहेर काढा त्याला!” रसायनवाले गरजले.

तिला नोकरी जाताना दिसत होती, अगदी डोळ्यांदेखत. पण बाबांची ती वाकलेली पाठ दाराकडे जाताना तिला त्याहून बघवेना.

“माझे बाबा आहेत ते, सर,” ती म्हणाली, आणि मग हात तोंडाशी नेऊन भोंगा सुरू झाला, “बाबा! बसा खाली! सामना संपला नाही अजून!”

बाबा होते तिथेच पायरीवर बसले.

मुली गोल करून उभ्या होत्या, माना खाली. तेवढ्यात वरून आवाज आला, कारण शिडीचा आवाज वरूनच यायचा.

“मॅडम, टेकव म्हटल्यावर टेकवलं. कारण नंतर विचारायचं ना? आता विचारते. कारण काय होतं?”

एवढं लांब वाक्य ती मुलगी आयुष्यात पहिल्यांदा बोलली असावी. कोचने तिच्याकडे बघितलं आणि तिला इतकं हसू आलं की बाकीच्या मुलीही हसत सुटल्या. “कारण काही नव्हतं गं,” ती डोळे पुसत म्हणाली. “त्यांना वाटलं तू पडशील.”

खेळ पुन्हा सुरू झाला आणि उरलेला सगळा वेळ शिडी ओरडत राहिली. पायरी, वळण, कठडा, जे दिसेल ते. शेवटचा चेंडूही तिनेच बास्केटकडे टाकला. चेंडू कडीवर फिरला, त्याने जरा विचार केला आणि तो बाहेर पडला. एका गुणाने हरल्या.

दादा बाबांना घ्यायला आला होता. बाबा आवारात टेम्पोला टेकून उभे होते. “माझ्यामुळे गेलं तुझं काम,” ते म्हणाले. “एवढ्या वर्षांत एकदा आलो, तेही असा.”

“गेलं तर गेलं,” ती म्हणाली. मग तिला ते खोटं बोलणं जमेना. “नाही, बाबा, मला खूप वाईट वाटेल. पण तुम्ही आलात ते बरं झालं. दोन्ही खरं आहे.”

तेवढ्यात समिती चालत आली. प्राचार्य पुढे, रसायनवाले मागे.

“समिती बसलीच नाही,” प्राचार्य म्हणाले. “उभ्या उभ्याच झालं. सर, तुम्हीच सांगा.”

रसायनवाल्यांनी घसा खाकरला. “मी गेली कित्येक वर्षं प्रयोगशाळेत ओरडतोय. बर्नर बंद करा, बाटली खाली ठेवा. कुणी ढुंकून बघत नाही. हे काका एक शब्द बोलले आणि पाच मुली एका क्षणात...” त्यांनी मान हलवली. “तो शब्द मला माझ्या वर्गासाठी हवाय. मॅडम, तुम्ही येऊन शिकवाल?”

“म्हणजे मी राहिले?” तिने विचारलं.

“राहिलात, राहिलात,” प्राचार्य म्हणाले. “जिमखान्याशेजारची खोली तुमची. खोलीत कपाट नाहीये. वरच्या मजल्यावर एक पडलंय, पण शिपाई म्हणतात जिन्यातून उतरत नाही.”

बाबांनी इतका वेळ खाली घातलेली मान वर केली. “उतरत नाही? वर चढलं होतं ना?”

झालं. आता त्यांना कोण थांबवणार? जिन्याची रुंदी नजरेने मापून झाली, गोधड्या आल्या, दोर आला. मुली तशाच घामेजलेल्या कपड्यांत वर धावल्या. कपाट लोखंडी होतं, जुन्या काळचं, हत्तीसारखं. बाबांचा हात सवयीने खालच्या टोकाकडे गेला.

“अं हं,” ती म्हणाली. “कंबर आठवा. जड टोक माझं.”

“मग मी काय करू?”

“माझ्या पाठीमागे उभे राहा.”

बाबांना क्षणभर कळलंच नाही. मग कळलं. कपाट उचलायला आयुष्यात ते कधी घाबरले नसतील, पण आता कठड्याला धरून, एकेक पायरी चाचपत, ते तिच्या मागे जाऊन उभे राहिले. शिडीने आणि इतरांनी वरून भार सोडला. लोखंड तिच्या छातीला टेकलं. समोर कपाट, दिसतंय तेही कपाट.

मागून काहीच आवाज येईना.

“बाबा?”

“हो, हो. थांब जरा.” त्यांनी घसा साफ केला. मग अगदी हलक्या, नवख्या आवाजात म्हणाले, “मागे पायरी.”

तिचा पाय मागे गेला. पायरी होती.

“अजून एक. अजून. आता वळण येईल... आलं. डाव्या हाताला कठडा आहे गं, भोंग्या.” दोन-तीन पायऱ्यांतच आवाज चांगला मोकळा झाला. मुली वर गप्प होत्या. पहिल्यांदाच, कुणी न सांगता. मधली वळणं गेली, उजेडाचा पट्टा गेला, आणि तळमजला अगदी जवळ आला असावा, कारण प्राचार्यांचं “वा, वा” खालून ऐकू येत होतं.

“टेकव,” बाबा म्हणाले.

कपाट सगळ्यांनी एकदम खाली ठेवलं. ती थांबली. पाठीमागे बाबांचा श्वास ऐकू येत होता, जरा जास्तच जोरात, आणि मग नाक शिंकरल्याचा आवाज. कारण त्यांनी सांगितलं नाही. तिने विचारलं नाही. वरून शिडी काही बोलणार होती, तिला गोबऱ्या मुलीने कोपरखळी मारली.

“चला, उचला,” बाबा म्हणाले. “मागे पायरी. शेवटची.”

एवढा सगळा जिना ती उतरली होती, आणि तिची मान एकदाही वळली नव्हती.